थांबायला येणारे काका

काकांना कुणी कामाला बोलावत नसे, थांबायला बोलावत. गॅसवाला सकाळी येतो म्हणून सांगून दुपार करायचा आणि घरात तर कुणी नसायचं, अशा वेळी काकांना किल्ली देऊन जायचं. कुणाच्या आईला डोळ्यांच्या दवाखान्यात न्यायचं, नंबर लागेस्तोवर बाकावर बसून राहायचं, तर सोबतीला काका. कोर्टातली तारीख, तलाठ्याकडचा सातबारा, आरटीओतलं लायसन, मुलीला बघायला येणारी चिपळूणची मंडळी. जिथे म्हणून माणसाला घड्याळाकडे बघत ताटकळावं लागतं, तिथे आमच्या आळीतली माणसं काकांना घेऊन जात. काकाही हसतमुखाने जात. त्यांना वाट बघायला मनापासून आवडतं अशी सगळ्यांची समजूत होती. माझीही होती.

ते माझे घरमालक. बँकेत बदली होऊन मी रत्नागिरीला आले आणि नाचणे गावाकडे जाणाऱ्या रस्त्याला त्यांच्या घराचा मागचा भाग भाड्याने घेतला. मी मूळची सोलापूर जिल्ह्यातली. घरमालक म्हणजे पाणी किती वापराल, पाहुणे किती येतील, दार किती वाजता लावाल, अशी उलटतपासणी घेणारा माणूस, एवढाच माझा अनुभव. काकांनी यातलं काहीच विचारलं नाही. स्वतःच्या हाताने चहा करून दिला. काकू जाऊन बरीच वर्षं झालेली, ते एकटेच होते. मी निघाले तेव्हा जरा लाजत म्हणाले, “कधी कुठे थांबायबिंबायचं असलं तर एकटी जाऊ नको हो. मला सांग.” म्हातारा थोडा हललेला दिसतो असं मला वाटलं, पण घर हवेशीर होतं, मागे फणसाची सावली होती आणि भाडं परवडणारं होतं.

काका थांबायला निघाले की खांद्याला एक कापडी पिशवी असे. तिच्यात शाळकरी पोराची असते तशी पत्र्याची कंपासपेटी, एक मोठा नॅपकिन आणि शिवणीच्या लाकडाची फळी. कंपासपेटीत पेन्सिल, पट्टी, कंपास आणि बोटाएवढ्या पात्याची सुरी. कुठेही टेकायला जागा मिळाली की नॅपकिन मांडीवर पसरायचा, त्याचं टोक शर्टाच्या बटणात अडकवायचं, फळीवर कंपासने वर्तुळं मारून त्यांत सहा-सहा पाकळ्यांची फुलं काढायची आणि मग सुरी हातात घ्यायची. पाकळीला समोरासमोर दोन तिरके काप, त्रिकोणाला तीन. शेवटचा काप बसला की इवलासा टवका सुटून नॅपकिनात पडे आणि लाकडात त्याच्या आकाराचा खळगा राही. असे खळगे शेजारी शेजारी पडत गेले की त्यांच्या सावल्यांतून नक्षी दिसायला लागायची. रंग नाही, पॉलिश नाही, वरून काही चिकटवणं नाही. काका त्याला कोरीवकाम वगैरे म्हणत नसत, नुसतं ‘टवके काढतो’ म्हणत.

या कामाला रंधा लागत नाही, हातोडी लागत नाही, सुताराचं बाक लागत नाही, याचं त्यांना भारी कौतुक. अख्खं दुकान पिशवीत घालून हिंडता येतं, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत. लाकूड मात्र शिवणीचंच. शिवण मऊ, उजळ आणि स्वभावाने गरीब. सागवान म्हणजे फार हट्टी, त्याच्याशी भांडण्यात वाट बघण्याचा सगळा वेळ फुकट जातो, असं त्यांचं मत. टवके नॅपकिनात गोळा करून ते घरी आणत आणि आंघोळीच्या बंबात टाकत. दवाखान्यातल्या मावश्यांना आधीच पुष्कळ कचरा असतो, त्यात आपली भर कशाला, असं म्हणत.

आता त्यांचे नियम. फळी नेहमी दिसणाऱ्या कामापेक्षा मोठी घ्यायची, हा पहिला. डॉक्टर अर्धा तास म्हणाला तर तबकाएवढी, वकील तासभर म्हणाला तर पाटाएवढी. दुसरा नियम याहून विचित्र होता. वाट बघणं संपलं, की त्या क्षणी सुरी थांबायची. नंबर पुकारला, डॉक्टर बाहेर आला, पाहुण्यांची गाडी फाटकाशी लागली, की काका जिथे असतील तिथून हात उचलत. पाकळीचा एक काप झालेला असो आणि दुसरा बाकी असो, तो बाकीच राही. पुन्हा त्या फळीला ते कधी सुरी लावत नसत. ज्याच्यासाठी थांबले त्याच्या हातात तीच अर्धवट फळी ठेवून चालू लागत. घरच्यांना आभार मानायलाही सापडत नसत, बहुतेक तोवर बसस्टॉपवर पोचलेले असत.

त्यामुळे आमच्या आळीतल्या घरांमधून या अर्धवट फळ्या विखुरलेल्या होत्या, आणि ज्याला ठाऊक त्याला त्या वाचता येत. समोरच्या वहिनींच्या ओट्यावरचं तबक म्हणजे त्यांच्या सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन. कोपऱ्यावरच्या घरात दिवाणाखाली जमिनीच्या दाव्याच्या फळ्यांची चळतच होती, एक भरत आली म्हणून दुसरी आणि दुसरी भरत आली म्हणून तिसरी. माझ्या स्कूटरच्या लायसनची फळी जेमतेम चहाच्या कपाखाली मावेल एवढी, तरी तिच्यावर चारच पाकळ्या. साहेब त्या दिवशी चुकून वेळेवर आले होते. इतरत्र लोक नक्षीदार वस्तू मिरवतात, आमच्याकडे कोऱ्या फळ्या मिरवत. आमची बघा, एक फूलसुद्धा पुरं झालं नाही, असं बायका अभिमानाने सांगत.

त्या तबकावरून एकदा मोठा प्रसंग ओढवला होता. गौरीला त्यात हळदीकुंकू ठेवायचं वहिनींच्या मनात आलं, आणि कडेच्या फुलाला तीनच पाकळ्या, तेवढंच डोळ्यांना खुपायला लागलं. त्यांनी काकांना गोड बोलून पाहिलं. काका नाही म्हणाले. दहा मिनिटांचं तर काम, असं वहिनी म्हणाल्या, तेव्हा काका ताडकन उठून घरी गेले. त्यांना चिडलेलं मी तेवढं एकदाच पाहिलं. वहिनीही कमी नव्हत्या, त्यांनी सुताराकडून उरलेल्या पाकळ्या पाडून घेतल्या. पुढे त्यांच्याकडे चहाला गेलं आणि चहा त्या तबकातून आला, की काका कप उचलून घ्यायचे, तबक हलकेच पालथं घालायचे आणि मग चहा प्यायचे. वहिनी ते बघायच्या. पण चहा त्याच तबकातून द्यायचं सोडायच्या नाहीत.

तुम्हाला हे वाट बघायचं वेड कुठून लागलं, असं मी एकदा विचारलं होतं. ते टेलिफोन खात्यात ट्रंक कॉल जोडून द्यायचे. नोकरीभर लोकांना ‘थांबा, लाइन लागत्ये’ म्हणत आलो, त्याची फेड करतोय, असं उत्तर मिळालं. टवके काढणंही तिथेच सुरू झालेलं, मुंबईची लाइन लागेपर्यंत हातांना काहीतरी हवं म्हणून. मला ते उत्तर पटलं. माणूस हसून उत्तर देतो तेव्हा आपण सहसा पुढे विचारत नाही.

सोबतीला बसलेले काका कुणाची समजूत काढत नसत. ‘सगळं ठीक होईल’ हे वाक्य मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही. ते फार तर विचारत, जेवलीस का. किंवा अमुक झाडावर यंदा मोहोर कसा आहे ते सांगत. बाकी सुरी आणि फळी. शेजारी बसलेल्या माणसाचे डोळे हळूहळू त्या सुरीवर खिळत, एक टवका पडला की पुढचा कधी पडतो याच्याकडे लक्ष लागे, आणि आपण कशाची वाट बघतोय याचा त्याला घटकाभर विसर पडे. मी हे कितीदा तरी पाहिलं होतं.

मग माझे बाबा आले.

आई गेल्यावर बाबा गावी एकटे राहत होते. मला भाऊबहीण कुणी नाही, त्यामुळे हट्टाने त्यांना रत्नागिरीला आणलं. बाबा साखर कारखान्यात टाइमकीपर होते. कोण किती वाजता फाटकातून आत आला हे बघण्यात त्यांची हयात गेली, आणि निवृत्त झाल्यावर कारखान्याऐवजी अख्ख्या जगाच्या फाटकावर बसल्यासारखे ते वागत. दूधवाला उशिरा, पेपरवाला उशिरा, समुद्राची भरतीसुद्धा कालच्यापेक्षा उशिरा. रत्नागिरीत पाऊल टाकल्यापासून इथल्या माणसांच्या संथपणावर त्यांचं भाष्य सुरू झालं. भात तीन वेळा खाल्ल्यावर माणूस आणखी काय करणार, असा त्यांचा निष्कर्ष होता.

काकांची आणि त्यांची पहिली चकमक माझ्याच बँकेत झाली. नोव्हेंबरात पेन्शनवाल्यांची हयातीच्या दाखल्यासाठी रांग लागते. बाबा शटर उघडायच्या आधी येऊन उभे. काका त्यांच्या पुढे होते, कारण वाट बघायची तर ती नीट, पहिल्यापासून बघावी असं त्यांचं म्हणणं. शटर उघडलं, रांग हलली, आणि काका मागच्याला म्हणाले, तुम्ही जा पुढे, मला काही घाई नाही. बाबा पुढे सरकले. मग काकांनी त्यांच्या मागच्यालाही सोडलं. काउंटरवरून मी बघत होते. बाबांचा दाखला झाला, तरी ते दाराशी उभे राहून या माणसाकडे टक लावून बघत राहिले. रांगेत सगळ्यांच्या पुढे असलेला माणूस होता होता शेवटी गेला आणि तिथे खुशीत बसून टवके काढू लागला, हे त्यांना सहन होईना. संध्याकाळी घरी येताच त्यांनी मला सुनावलं, “तुझा मालक रांगेत उलटा चालतोय. अशा माणसाच्या घरात आपण राहायचं?”

आम्ही राहिलो. दुसऱ्या दिवसापासून बाबा दुपारचे पुढच्या पडवीत जाऊन बसू लागले. भांडायलाच जात. तुमची इकडची एसटी अशी, तुमचे कामगार तसे, आणि तुम्ही दिवसभर हे काय रिकामटेकड्यासारखं करता, मालक? काका ऐकून घेत, हातातलं काम चालू ठेवत. एकदा मात्र म्हणाले, “तुमच्याकडे समुद्र नाही ना, म्हणून घाई. समुद्रापुढे बसलेल्याला कळतं, कोण कोणासाठी लवकर येत नाही.” बाबांनी यावर दोन दिवस विचार केला. मग सांगितलं, आमच्याकडे उजनीचं धरण आहे.

बाबांना स्वतःला टवके काढणं काही जमलं नाही. त्यांच्या हाताखाली पाकळी नीट सुटायच्या ऐवजी तुटायची, आणि तुटली की ते लाकडाला बोल लावायचे. पण सुरीला धार लावायचं काम त्यांनी अंगावर घेतलं. जुन्या चामडी पट्ट्याचा तुकडा एका लाकडावर ठोकलेला होता, त्यावर सुरी एकाच दिशेने ओढत राहायचं, मग पालटून पुन्हा ओढायचं. या कामाला लागणारी शिस्त बाबांकडे मुबलक होती. धार बघायला ते वर्तमानपत्राची कड कापून बघत, आणि तेवढ्यासाठी आदल्या दिवशीचाच पेपर घेत, कारण आजचा काका वाचायचे असत. अशी धार सुरीला जन्मात लागली नव्हती, असं काका मला म्हणाले. बाबांच्या तोंडावर मात्र म्हणाले नाहीत.

दोघंही अरे-तुरेवर कधी आले नाहीत. शेवटपर्यंत एक ‘मालक’ आणि दुसरा ‘सोलापूरकर’. पण कुळथाचं पिठलं केलं की काका वाटी घेऊन मागच्या दाराशी येत, आणि ज्या दिवशी ते कुणाबरोबर थांबायला गेलेले असत त्या दुपारी बाबा पडवीत एकटेच बसून, मालक अजून कसे आले नाहीत, म्हणून मला बँकेत फोन करत. मला त्या फोनचा वैताग यायचा आणि बरंही वाटायचं.

मग एक दिवस पडवीतून उठताना बाबांच्या छातीत कळ आली. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि बायपास करावी लागेल, कोल्हापूरला न्या, उशीर करू नका, असं स्पष्ट सांगितलं. काकांनी मला काही विचारलंच नाही. गाडी दाराशी आली तेव्हा पिशवी खांद्याला लावून ते पुढच्या सीटवर बसलेले होते. आंबा घाट चढताना बाबा मागून म्हणाले, मालक, सुरी द्या इकडे, धार बघतो. काका म्हणाले, कालच लावलीत. बाबा म्हणाले, तरी द्या. गाडी हलत होती म्हणून मीच दोघांना दटावलं.

ऑपरेशनच्या दिवशी बाबांना आत नेलं तेव्हा त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून माझ्याकडे दिलं. काकांकडे बघून नुसती मान हलवली. दार बंद झालं. आम्ही दोघं बाहेरच्या खुर्च्यांवर बसलो. काकांनी नॅपकिन पसरला, बटणात अडकवला, कंपास काढला. मला हायसं वाटलं. इतक्या लोकांना या माणसाने पार नेलं, आता आपली पाळी, असं काहीतरी मनात आलं.

फळी बाहेर आली तेव्हा ती वहीच्या अर्ध्या पानाएवढी होती. पहिल्यांदा माझ्या ते लक्षातच आलं नाही. दुपारपर्यंत होईल असं डॉक्टर म्हणाले होते. टवके पडत होते, मी बघत होते. दुपार झाली. आमच्यानंतर आत गेलेल्या एका पेशंटचे नातेवाईक हसत उठून गेले. काकांचं मधलं फूल झालं, कोपऱ्यांतली चार झाली, आणि फुलांमधल्या मोकळ्या जागांत ते बारीक त्रिकोण भरू लागले. मी दोनदा काउंटरवर जाऊन आले. अजून चालू आहे, एवढंच सांगत. परत आले तेव्हा त्रिकोण संपले होते आणि काका कडेला दातेरी नक्षी करत होते. फळीवर आता अंगठ्याएवढी जागा कोरी होती.

मी बँकेत काम करणारी, आकड्यांवर विश्वास ठेवणारी बाई. पण त्या अंगठ्याएवढ्या जागेवरून माझी नजर हलेना. ही भरली तर? काकांची सुरी कधीही कामाच्या शेवटाला येऊन थांबली नव्हती, वाट बघण्याच्या शेवटाला थांबली होती. फळी पुरी झालेली मी कधी बघितलीच नव्हती. दाव्याच्या फळ्यासुद्धा दुसरी हाताशी असल्यामुळे नुसत्या बाजूला ठेवलेल्या असत. काका, हळू करा, असं मला म्हणायचं होतं. त्यांचा हात आपोआपच मंदावला होता. एक काप द्यायचा, पुष्कळ वेळ बघत बसायचं, मग दुसरा. शेवटी तीही जागा भरली.

“दुसरी काढा ना,” मी म्हटलं.

“दुसरी नाही आणली.”

“आणि ही तरी एवढीशी का आणलीत? तुम्हीच सांगता ना सगळ्यांना, मोठी घ्यावी म्हणून.”

काकांनी फळीवरून बोट फिरवलं. मान वर न करता म्हणाले, “मोठी काढली होती गो. मग मनात आलं, मोठी नेली तर मोठीच वाट बघायला लागेल. म्हटलं, लहान नेऊ, म्हणजे सोलापूरकर लवकर बाहेर येतील.”

ज्याने अख्ख्या आळीला थांबायला शिकवलं, त्या माणसाने ही अशी चूक केली होती. मला राग यायला हवा होता, पण रडूच आलं. ते आवरून मी त्यांच्याकडे बघितलं. सुरी कंपासपेटीत गेली होती, टवक्यांची पुरचुंडी बांधून झाली होती, आणि ते मोकळे हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळत नव्हतं. गुडघ्यांवर ठेवले, काखेत घातले, पुन्हा काढले. दार जरा वाजलं की ते दचकत. कपाळ घामाने भिजलं होतं. इतकी वर्षं आम्ही काय समजत होतो? या माणसाला वाट बघायला आवडत नव्हतं. त्याला ते सहनच होत नव्हतं.

मी त्यांचा हात धरला. तो गार होता. काही वेळाने ते आपणहून बोलू लागले, दाराकडे बघत.

“हिच्या वेळी असाच बाहेर बसलो होतो. फळी चांगली मोठी होती. नर्स आली, म्हणालीन, बाई बोलवतायत तुम्हाला. मी म्हटलं, ही एवढी पाकळी पुरी करतो नि येतो. एक कापच उरला होता. आत गेलो, तोवर संपलं होतं. काय सांगायचं होतंन तिला, कोण जाणे.”

त्यांनी कधी कुणाची समजूत काढली नव्हती, मी तरी काय काढणार.

“तेव्हापासून हाक आली की हात उचलतो,” काका म्हणाले. “पण आत नाही गेलो कधी. कोणाच्याच वेळी. बाहेर कितीही वेळ बसवा मला. आत जायला पाय उचलत नाही.”

आम्ही तसेच बसून राहिलो, काही न करता. बघायला फळी नव्हती, मोजायला टवके नव्हते. नुसतं दार होतं. माझ्या मनगटावर बाबांचं घड्याळ होतं, त्यात मी बघितलं नाही. कुणीतरी चहा घेऊन आलं, तो आम्ही घेतला आणि तो गार झाल्यावर प्यायलो. काकांचा हात माझ्या हातात होता, त्यात हळूहळू ऊब आली.

डॉक्टर बाहेर आले तेव्हा बाहेर उन्हं कलली होती. ऑपरेशन नीट झालं म्हणाले. मध्ये रक्तस्राव झाला म्हणून वेळ लागला. आता शुद्धीवर येईपर्यंत आणि त्यानंतरचा एक दिवस काळजीचा, तोवर धीर धरायचा. थोड्या वेळाने नर्सने दार उघडून विचारलं, पेशंटला बघून यायचंय ना, एकच जण या, एक मिनिट.

मला जायचं होतं. बाबा जिवंत आहेत हे मला माझ्या डोळ्यांनी बघायचं होतं, त्यासाठी मी दिवसभर त्या दाराला डोळे लावून बसले होते. मी उठले. काका सवयीने पिशवी उचलून निघायच्या तयारीत होते, फळी माझ्या खुर्चीवर ठेवली होती.

“काका, तुम्ही जा आत,” मी म्हटलं.

ते जागच्या जागी उभे राहिले. तुझे वडील आहेत, तू जा, असं पुटपुटले. सोलापूरकरांना शुद्ध नाहीये, कळणारही नाही कोण आलं ते, असंही म्हणाले. मी त्यांच्या खांद्यावरची पिशवी काढून घेतली. नर्स म्हणाली, लवकर या कुणीतरी. काका दाराकडे बघत राहिले, आणि मग गेले.

दाराला काचेची एक पट्टी होती. तिच्यातून मला हिरव्या गाऊनमधली त्यांची पाठ दिसत होती, टोपी वाकडी घातलेली. पलंगाच्या पायथ्याशी ते पुष्कळ वेळ नुसते उभे होते. मग नळ्या आणि वायरी चुकवत उशाशी गेले, खाली वाकले आणि बाबांच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी बोलू लागले. नर्सने हाताला धरलं तेव्हा कुठे सरळ झाले.

बाहेर आले ते डोळे पुसतच. लपवायचा प्रयत्न केला नाही. मी विचारलं, कसे आहेत? म्हणाले, श्वास चाललाय, मी बघितला. मी विचारलं, काय सांगत होतात एवढं?

काका माझ्या शेजारच्या खुर्चीवर परत बसले, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले.

“म्हटलं, पोर नि मी बाहेर बसलोय. तुम्ही या सावकाश.”